चुन्याच्या डबीतले खडे

आमच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी खडे यायचे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःचे मुतखडे चुन्याच्या एका रिकाम्या डबीत जपून ठेवले होते. तंबाखूची चंची एका बाजूला सारून ते ती डबी उघडत, खडे तळहातावर ओतत आणि कुठला कधी पडला ते सांगत. हा ऊस कारखान्याला चालला होता तेव्हाचा, हा धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीचा. पाहुणाही शहाणा, तो खडा चिमटीत धरून उजेडाला बघायचा आणि "आयला, ज्वारीच्या दान्यायवढा हाय की!" म्हणायचा. मग चुलते आपले खडे आणायला घरात जायचे. मला तेव्हाही किळस यायची आणि आता तर जास्तच येते. खड्यांची नव्हे, त्या कौतुकाची.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, शिंगणापूरपासून जवळ. आमच्या पट्ट्यातलं बोअरचं पाणी खारट आहे हे खरं, भांड्याला पांढरा थर बसतो हेही खरं. त्यामुळे खड्यांचा सगळा दोष पाण्यावर टाकायला कुणाला विचार करावा लागला नाही. गावात इतरांकडे एखाद्याला खडा व्हायचा, आमच्याकडे मात्र निम्मं घर कंबर धरून बसलेलं असायचं. तरी पाणीच वाईट. आमचे चुलते पाटबंधारे खात्यात होते. ते दर उन्हाळ्यात बाटलीत पाणी भरून नगरला नेत आणि तपासून आणत. पाण्याची तपासणी दरसाल व्हायची, माणसाच्या रक्ताची कधीच नाही.

उपाय मात्र भरपूर. हुलग्याचं पाणी, पानफुटीची पानं, अमावस्येला कसलासा रस पाजणारा एक बुवा आणि पुरुषांसाठी बिअर. बिअरने खडा पडतो हे कुणी शोधून काढलं कोण जाणे, पण ते आमच्या चुलत्यांना फार पटलं होतं. त्यांचा खडा पडून गेल्यावरही त्यांचं औषध कित्येक महिने चालू राहिलं. माझा धाकटा भाऊ ग्रामपंचायतीत निवडून आला, तेव्हा त्याने पहिलं काम काय केलं, तर पाणी शुद्ध करण्याचा प्लान्ट आणला. फीत कापली, हार घातले, आबांच्या स्मरणार्थ असा बोर्ड लावला. पुढच्याच वर्षी त्याला स्वतःला खडा झाला. तेव्हा तो म्हणाला, "जुनं पानी अंगात मुरलंय, निघायला येळ लागनार." अशा माणसाशी काय बोलायचं?

आमच्या एक आत्या होत्या. त्या लग्न होऊन शेवगावकडे गेल्या आणि तिथे त्यांना खडे सुरू झाले. नंतर हाडं दुखायला लागली, अंगणात घसरल्याचं निमित्त झालं आणि मांडीचं हाड मोडलं. त्यांच्या सासरचे म्हणायचे, माहेरचं पाणी बाधलं. म्हणजे पाणी आता माणसाबरोबर सासरीही जायला लागलं होतं. हे ऐकून आमच्याकडच्या मंडळींनी माना डोलावल्या. या घरात पदवीधर होते, पुढारी होते, भाषणं करणारे होते, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण या सगळ्यात खरी शिक्षा झाली ती माझ्या आईला. आबांचं दुखणं नुसतं खड्यांवर थांबलं नव्हतं, त्यांना जुलाबही व्हायचे आणि पोट जळायचं. जेवले की कळ, उपाशी राहिले तरी कळ. आमच्या घरात पोटाचं कारण शोधायलाही कुणाला उठावं लागलं नाही. कारण चुलीपाशीच बसलेलं होतं. आईच्या हातचा ठेचा साऱ्या भावकीत नावाजलेला. शेतावर माणसं कामाला असली की मागून घ्यायची. तोच ठेचा मग आबांच्या पोटाचा वैरी ठरला. आजी म्हणायची, "हिच्या हाताला जाळ हाय." आत्या माहेरी आल्या की म्हणायच्या, "वहिनी, जरा हात आखडता घ्या की." आईने हात आखडला. पण आबांचं पोट थांबलं नाही. एका दुपारी त्यांना रक्ताची उलटी झाली आणि नगरला नेईपर्यंत ते गेले.

दहाव्याच्या दिवशी आजीने सगळ्या बायकांत बसून सांगितलं की माझ्या लेकाला हिच्या मिरचीने खाल्लं. एकही बाई काही बोलली नाही. मी कॉलेजात होते, मी बोलले, तर मला गप्प बसवण्यात आलं. त्या दिवसापासून आईने तिखट सोडलं. इतरांसाठी ती आमटीला फोडणी द्यायची, पण स्वतः मिठाची भाजी नि भाकरी खायची. लग्नाबारशाला गेली तरी ताटातली चटणी बाजूला ठेवायची. लोकांना वाटे, विधवा बाईचा काहीतरी नेम असेल. नेम नव्हता. आपण नवरा मारला असं तिला खरोखर वाटत होतं.

मी नगरला एका शाळेत गणित शिकवते. खडे मलाही झाले, त्यात नवल नाही. नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात ते फोडून झाले, पुन्हा झाले, पुन्हा फोडून झाले. दर वेळी डॉक्टर हसून सांगायचे, पाणी भरपूर प्या, टोमॅटो कमी खा. हे का होतंय, असं त्यांना एकदाही वाटलं नाही. पुढे हाडं दुखायला लागली, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघताच कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. चाळिशीनंतर बायकांना लागतंच, म्हणाले. रक्तात कॅल्शियम किती आहे ते बघावं, एवढीही तसदी त्यांनी घेतली नाही. ज्या घरात आधीच तुंबलंय, त्यात आणखी पाणी सोडायचा हा प्रकार होता. भिंतीवर पदव्या मात्र इतक्या होत्या की भिंतीचा रंग दिसत नव्हता.

मग शाळेच्या पायरीवर माझा पाय घसरला आणि मनगट मोडलं. पडणं साधंच होतं. प्लास्टर काढायला गेले तेव्हा तिथे नव्याने आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढ्याने मोडलं? आधी खडे झालेत का? आणि कॅल्शियम तपासायला सांगितलं. ते चांगलंच वाढलेलं निघालं. त्यांनी मला पुण्याला हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

पुण्याचे डॉक्टर हळू बोलणारे होते. त्यांनी सांगितलं, गळ्यात थायरॉईडच्या मागे तुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. त्या माजल्या की हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात आणतात आणि तिथून ते मूत्रपिंडात जाऊन खडे होतात. बहुतेकांची एकच ग्रंथी बिघडते, ती काढली की विषय संपतो. तुमच्या एकापेक्षा जास्त बिघडलेल्या दिसतात, म्हणून विचारतो, घरात आणखी कुणाला?

मी आबांचं सांगितलं, चुलत्यांचं, भावाचं, आत्यांचं सांगितलं. आणि आमच्याकडचं पाणी खारट आहे, हेही सवयीने सांगितलं. ते म्हणाले, "आईला खडे?" मी म्हटलं, नाही. "काकूंना?" नाही. "वहिनींना?" नाही. "आणि आत्यांना झाले ते सासरी?"

आमच्याकडे लेकी बाहेर जातात आणि सुना बाहेरून येतात. सुना जन्मभर आमच्या बोअरचं पाणी प्याल्या, त्यांना काही झालं नाही. लेकी गेल्या तिथलं पाणी प्याल्या, तरी त्यांना खडे झाले. पाणी एकीकडे आणि रक्त एकीकडे, अशी वाटणी आमच्याच रीतीने पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवलेली होती. नुसतं ओट्यावर बसून मोजलं असतं तरी कळलं असतं. पण सुनेला काय होतं आणि काय होत नाही, हे आमच्याकडे मोजतो कोण? तिच्या हाताला जाळ आहे एवढं मात्र सगळ्यांना पाठ.

डॉक्टरांनी पुढचंही सांगितलं. काही घराण्यांत एक जनुक बिघडलेलं असतं. ते आई किंवा बापाकडून येतं आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. त्यात बहुतेक वेळा आधी याच ग्रंथी बिघडतात, म्हणजे खडे ही आधी आलेली सूचना. मागून स्वादुपिंडाच्या आसपास गाठी येतात, मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत येतात. पोटाजवळच्या काही गाठी जठराला इतकं आम्ल सोडायला लावतात की आतून जखमा पडतात आणि एखादी जखम एकदम वाहायला लागते. "तुमच्या वडिलांना नेमकं काय झालं ते आता सिद्ध करता येणार नाही," ते म्हणाले, "पण हे सगळं जुळतं. तिखटाने असं होत नाही. भावाला आणि त्यांच्या मुलांना तपासायला सांगा. लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं."

माझी जनुकाची तपासणी झाली, तेच निघालं. ऑपरेशन झालं, साडेतीन ग्रंथी काढल्या. कॅल्शियम वाढलं की माणूस चिडचिडा होतो असं कुणीतरी घरच्यांना सांगितलं होतं, त्यामुळे माझ्या गळ्याचे टाके निघाले तेव्हा सगळे आशेने माझ्याकडे बघत होते. कॅल्शियम उतरलं. स्वभाव माझा स्वतःचाच निघाला.

मी गावी गेले. भाऊ पडवीत पांढरे कपडे करून फोनवर बोलत बसला होता. शेजारी पित्ताच्या गोळ्यांची पाकिटं. तो त्या शेंगदाण्यासारख्या खायचा. मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, थायरॉईड तर आजकाल समद्यांनाच आसतो."

"थायरॉईड नाही रे. आणि तुझ्या पोटाचं काय? आबांचं असंच सुरू झालं होतं."

"माजी साडेसाती चालू हाय. दर शनवारी तेल वाहतोय."

मी भाचीचा विषय काढला. त्याची मुलगी, बी.फार्म. झालेली, पोरगी हुशार. पहिला खडा तिला कॉलेजच्या होस्टेलवर झाला होता, जिथे आमच्या बोअरचं पाणी थेंबभरही पोचत नव्हतं. आताही अधूनमधून ती कंबर धरायची आणि औषधांची पदवी घेतलेली ती पोर बापाचं ऐकून हुलग्याचं पाणी प्यायची. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा पुण्यात नोकरीला. भावाने लगेच आवाज खाली आणला.

"हे बघ, सुपारी फुटलीय. पाव्हन्यांच्या कानावर गेलं तर रक्तात खोट हाय म्हनतील. लगीन होऊंदे, मंग काय करायचं ते करू. तवर तू गप ऱ्हा."

"लग्न झाल्यावर ती त्यांची जबाबदारी, असंच ना?"

त्याने फोन उचलला. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात, याचं आमच्या गावालाही मोठं भूषण. आमचंही घर दिवसभर उघडंच, कुणीही या आणि बसा. बंद असतात ती तोंडं. या सोयरिकीत दोन्हीकडच्यांनी एकमेकांची जमीन पाहिली, उंची पाहिली, रंग पाहिला, गुण जुळवले, मामाच्या मामापर्यंत चौकशी केली. लेकीच्या अंगात काय चाललंय ते बघायला मात्र बापाला फुरसत नव्हती. मला त्याचा इतका तिटकारा आला की चहा न घेताच मी उठले. जाताना भाची मागे आली आणि म्हणाली, "आत्या, पप्पा म्हणतात लग्नानंतर बघू." मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनीपण नंतर बघू असंच म्हटलं होतं." ती आत गेली नाही, गाडीकडे बघत उभी राहिली.

बस्त्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेले. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची मंडळी लग्नाचे कपडे घ्यायला नगरला जमणार होती, म्हणून घरात लगबग होती. पंगत बसली. वहिनीने वांग्याची भाजी केली होती. भावाने दोन घास खाल्ले, पोटावर मूठ दाबून धरली आणि ताट पुढे सारलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आणि त्या अवस्थेत हा गृहस्थ काय बोलला?

"भाजीत एवढं तिखट कोनी टाकलं? ह्या घरानं आबांना तिखटानंच घालवलं. आता माजी पाळी हाय व्हय?"

आई कोपऱ्यात तिची मिठाची भाजी खात होती. तिचा हात ताटातच थांबला. मान खाली गेली, वर्षानुवर्षं जात होती तशीच.

मग मात्र मी थांबले नाही. माझा आवाज रस्त्यावर जात होता आणि जावा असंच मला वाटत होतं. मी म्हटलं, तिखटाने नाही मेले आबा. तुमच्या रक्ताने मेले. तुमच्या घराण्याच्या, ज्याचे खडे डबीत घालून मिरवत होतात त्या घराण्याच्या रक्ताने. त्यांच्या पोटात गाठी असणार, त्या गाठींनी पोट जाळलं. तेच माझ्यात आहे, तेच तुझ्यात असेल, तेच या पोरीत असेल. तुझ्या बायकोच्या भाजीत नाही आणि आईच्या हातात तर कधीच नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले ते मी शब्दन्‌शब्द सांगितलं.

आईने मान वर केली आणि मला विचारलं, "म्हंजी माज्या मिरचीनं न्हाई ना गेले त्ये?"

"नाही गं, आई."

"डाक्टरच म्हनले?"

"डॉक्टरच म्हणाले."

मग तिने हात धुतले, पदराला पुसले आणि भावाकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता.

"उद्या बस्त्याला जायच्या आदी रगात द्यायचं. तू बी आन पोरगी बी. न्हाई दिलं, तर मी तितं दुकानात पाव्हन्यांम्होरं समदं सांगनार हाय. मला आता कुनाचं भ्या न्हाई."

भाऊ रक्त द्यायला गेला. मरणाला भिऊन गेला असता तर माझ्या मनात त्याला थोडा तरी मान राहिला असता. तो कापडाच्या दुकानात चारचौघांत तमाशा होईल या भीतीने गेला. बस्त्याच्या सकाळी नगरच्या एका लॅबमध्ये बाप आणि लेक शेजारी शेजारी बाही वर करून बसले. भाची सुईकडे बघत होती, भाऊ भिंतीकडे.

दोघांचंही कॅल्शियम वाढलेलं निघालं आणि पुण्याला तपासल्यावर जनुकही तेच. भावाच्या जठराखालच्या आतड्यात जखमा होत्या, त्यातली एक अशी की डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात. गाठी बारीक आहेत, औषध चालू आहे, लक्ष ठेवायचं आहे. भाचीच्या ग्रंथी काढल्या, ती आता बरी आहे आणि हुलग्याचं पाणी तिने मोरीत ओतून दिलं. मुलाला तिने स्वतः फोन करून सगळं सांगितलं, बापाला विचारलंही नाही. पाहुण्यांनी विचार करायला वेळ मागितला. त्यांचा विचार अजून चालू आहे. चालू द्या. भाची नोकरीला लागली.

भावाचं म्हणाल तर, पाहुणा आला की तो आता रिपोर्टची फाईल काढतो. "आमच्या घराण्यात येक जीन हाय," असं सांगतो, "लाखात येखाद्याला आसतो." आबांची चुन्याची डबी गेली आणि ही फाईल आली, एवढाच काय तो फरक. पाण्याच्या प्लान्टवर आबांच्या नावाचा बोर्ड अजून आहे.

भाचीचं ऑपरेशन झाल्यावर मी गावी गेले, तेव्हा आई चुलीपाशी होती. वहिनी गॅसवर करते, आईला चूलच लागते. तव्यावर हिरव्या मिरच्या तडतडत होत्या. तिने त्यात लसूण टाकला, मीठ टाकलं आणि तांब्याच्या बुडाने सगळं तव्यातच रगडलं. धुराने मला ठसका लागला. मला वाटलं, माझ्यासाठी करतेय. तिने बाजरीची भाकरी मोडली, आधी स्वतःच्या ताटात ठेचा घेतला आणि घास तोंडात घातला.

इतक्या वर्षांनी तोंडाला तिखट लागलं होतं. तिचे डोळे आणि नाक वाहायला लागलं, ती खोकली. मी पाणी पुढे केलं. तिने घेतलं नाही.

"लई तिखट झालाय का?" मी विचारलं.

"न्हाई. बरुबर हाय." तिने डोळे पुसले. "तुज्या आजीला सांगायला पायजे हुतं गं. तुज्या आत्यांना बी. दहाव्याला बसल्या हुत्या त्या समद्या म्हाताऱ्यांना." मग भाकरीचा दुसरा तुकडा मोडत म्हणाली, "येक बी उरली न्हाई. आता सांगू कुनाला?"